सत्कारानंतर बंद पडलेली वही

एका एसटी कंडक्टर बाईंचं लेखन ऐन भरात असताना थांबलं आणि सव्वा वर्षानं पुन्हा सुरू झालं, त्याची ही हकिगत आहे. बाईंच्या परवानगीनं लिहिली आहे. गाव, आगार, वाचनालय, दिवाळी अंक यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. वाचनालयाच्या लेखन मंडळाचं काम मी पाहतो, त्यामुळे बरंचसं समोर घडलेलं आहे. डेपोतलं आणि घरातलं मात्र बाईंनी सांगितलं तसं.

पार्श्वभूमी

सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. वाचनालय 'ब' वर्गातलं. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली सार्वजनिक वाचनालयांची 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी होते आणि अनुदान त्यावर ठरतं. आमच्या 'ब' वर्गात पुस्तकं बऱ्यापैकी, पगार जेमतेम, आणि वर्षभरात कार्यक्रम किती घेतले याच्या फोटोंची फाईल जाडजूड. ही फाईल लक्षात ठेवा, तिचा संबंध पुढे येतो.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास. नवरा सोसायटीत नोकरीला, मुलगी शाळेत. वाचनालयात त्या आधी सभासद म्हणून आल्या. कथा-कादंबऱ्यांपेक्षा आत्मचरित्रं जास्त न्यायच्या. लेखन मंडळाच्या महिन्याच्या बैठकीला पहिले कित्येक महिने नुसत्या बसून ऐकायच्या. मग एकदा पर्समधून तिकीट यंत्राच्या कागदाचे तुकडे काढले. रोल संपत आला की शेवटच्या हातभर कागदावर गुलाबी पट्टी उमटते. त्यावर तिकिटं काढत नाहीत, रोल बदलतात. ती टोकं बाई जमवून ठेवायच्या आणि त्यावर बारीक अक्षरात लिहायच्या. कोण चढलं, काय बोललं, सुट्ट्या पैशांवरून कोण कुणाला काय म्हणालं. एका तुकड्यावर एक माणूस.

त्यांनी ते वाचलं आणि बैठकीतले सगळे, अगदी आमचे वृत्तबद्ध कवीसुद्धा, सावरून बसले. भाषा गाडीतली, पण कुठे गंमत करण्याचा आव नाही. पुढे त्या वहीत लिहू लागल्या. २०१९ साली एका छोट्या दिवाळी अंकात त्यांचा पहिला लेख आला. मानधन नाही, अंकाची एक प्रत टपालानं. ती प्रत त्यांनी गाडीत कुणाला दाखवली नाही, घरी मात्र देवघराशेजारी ठेवली.

२०२०च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या. आम्हाला वाटलं, आता बाईंना वेळच वेळ. त्या काळात त्यांनी सर्वांत कमी लिहिलं. माणसंच नव्हती, लिहिणार कुणावर? २०२१च्या ऑक्टोबरअखेरीला सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्यात पगार नव्हता, घरात ओढाताण होती, तरीही डेपोबाहेरच्या मांडवात बसून त्यांनी जवळजवळ एक वही भरली. 'वेळ मिळत नाही म्हणून लिहिणं होत नाही' हे आमच्या मंडळाचं पेटंट वाक्य. बाईंच्या बाबतीत ते उलटंपालटं झालं होतं, आणि ते आम्ही तेव्हाच नीट पाहायला हवं होतं.

लिहिणं थांबलं ते असं

२०२३ साली २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयानं बाईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुस्तक. अध्यक्षांचं भाषण, त्यात 'खाकी वर्दीतली सरस्वती'. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर चौकटीत बातमी आली, वर फोटो. फाईलमध्ये तीन फोटोंची भर पडली.

पुढे बरोबर तीन आठवडेही झाले नव्हते, १७ मार्चला महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं. पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत होऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. गाड्यांत बायकांची जी गर्दी उसळली ती या बाईंनी आयुष्यात पाहिली नव्हती. वर्षानुवर्षं माहेरी न गेलेल्या बायका, लेकीला शेवगा पोचवायला निघालेल्या आया, नुसतं तालुका बघायला आलेल्या सासूबाई. बाईंसारख्या लिहिणारीला यापेक्षा मोठा खजिना कुठला? वही मात्र कोरी.

मंडळाच्या बैठकीला त्या येत राहिल्या. विचारलं की म्हणायच्या, "डोक्यात आहे, उतरत नाही." काही महिन्यांनी येणंही कमी झालं. ग्रंथपाल मॅडमनी एकदा सहज विचारलं तेव्हा हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली.

पहिली डेपोतली. बातमी छापून आल्यावर सहकारी खूश होते, पेढे मागितले, आणि पेढे खाता खाता एक ड्रायव्हर म्हणाला, "आता आमच्यावर पण लिव्हणार काय, मॅडम? जपून बोलायला पायजे." सगळे हसले. वाईट हेतू नव्हता. पण तेव्हापासून विश्रांती कक्षात बाईंनी वही काढली की गप्पा थांबायच्या. त्यातच कुणीतरी भीती घातली की खात्याबद्दल काही छापून आलं तर चौकशी लागते.

दुसरी गोष्ट त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितली. सत्कारात अध्यक्ष म्हणाले होते की या लेखणीतून उद्याची मोठी लेखिका घडणार. बाईंनी ते शब्दशः घेतलं. वही उघडली की पहिल्याच वाक्याला वाटायचं, हे काय मोठ्या लेखिकेचं वाक्य आहे? खोडायचं. दुसरं लिहायचं, खोडायचं. एक पान मी पाहिलं आहे: 'आज गाडीत गर्दी होती' हे वाक्य पाच निरनिराळ्या शब्दांत लिहून पाचही वेळा खोडलेलं. पाचव्यात 'जनसागर' होता. ज्या बाई कधी 'जनसागर' म्हणाल्या नसत्या त्यांच्या वहीत तो शब्द बघून मला जास्त काळजी वाटली, कोऱ्या पानांपेक्षाही.

तिसरी गोष्ट कौतुकाची. ओळखीचे सगळे विचारायचे, "काय, नवीन काय लिहिलंत?" आणि उत्तराची वाट न बघता, "लिहीत राहा हं, छान लिहिता." यातल्या बहुतेकांनी एक ओळही वाचलेली नव्हती. त्या प्रश्नाला बाई टाळू लागल्या, म्हणजे पर्यायानं आम्हालाही.

प्रोत्साहनानं उत्साह कसा मरतो हे सांगताना १९७३ सालच्या एका प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो बालवाडीतल्या मुलांवर केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली. आमच्या बैठकीतही एका प्राध्यापकांनी हा प्रयोग मांडला. पण त्याच प्रयोगात ज्या मुलांना प्रमाणपत्र आधी न सांगता, अचानक मिळालं, त्यांचा रस घटला नाही. बाईंचा सत्कार अचानकच होता, त्यांनी शालीसाठी कधी लिहिलं नव्हतं. तेव्हा हा दाखला इथे चिकटवण्यात अर्थ नाही. बाईंना बक्षिसाची चटक लागली नव्हती. लिहिताना समोर कोण आहे, ते बदललं होतं. आधी समोर गाडीतली माणसं असायची. आता समोर अध्यक्ष, डेपो आणि जिल्ह्याचं पान.

हे इतकं स्पष्ट आम्हाला नंतर दिसलं. तेव्हा नुसतं कळत होतं की आणखी कौतुक करून भागणार नाही.

समोर असलेले पर्याय

२०२४च्या मे महिन्यात ग्रंथपाल मॅडम, मंडळातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, बाई आणि मी असे चौघं वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसलो. बाईंना बोलावताना मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की लिहायला लावायला बोलवत नाही, पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवा. पूर्ण बंद करायचं असेल तर तेही चालेल.

'बंद करणे' हा पर्याय खरोखर टेबलावर होता, आणि तो असायला हवा असं माझं मत आहे. नोकरी, घर, स्वयंपाक सांभाळून कुणी लिहिलंच पाहिजे असं नाही. बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बंद केलं तर गाडीत बघायचं पण बंद होईल. मग नुसती तिकिटं फाडायची." (यंत्र येऊन वर्षं झाली, तरी तिकीट अजून फाडलंच जातं.) तो पर्याय तिथे मिटला.

स्वखर्चानं पुस्तक. एका प्रकाशकाकडून त्यांना आधीच फोन आला होता, बातमी वाचून. पन्नास हजारांच्या आसपास खर्च, ठरावीक प्रती लेखकानं उचलायच्या. बाईंच्या नवऱ्याला हे पटलं होतं, सोसायटीतून कर्ज काढायची तयारी होती. मुख्याध्यापिका बाईंनी याला ठाम विरोध केला. त्यांच्या स्वतःच्या कवितासंग्रहाच्या प्रती अजून त्यांच्या दिवाणात आहेत. पैशापेक्षा मोठा मुद्दा असा की वही अडलेली असताना पुस्तक काढलं तर ते जुन्या लेखांचं होणार, आणि मग पुन्हा प्रकाशन समारंभ, पुन्हा शाल.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देणारी योजना. मार्ग चांगला, पण त्यासाठी पूर्ण हस्तलिखित हवं. हातात दीड वही आणि रोलचे तुकडे. नंतर बघू म्हणून ठेवला.

स्थानिक साप्ताहिकात सदर. संपादक तयार होते. दर आठवड्याची तारीख असती, आणि तारखेचा धाक लिहिणाऱ्याला लागतोच. मराठीत दिवाळी अंकांनी हेच काम केलं आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून किती लेखकांनी केवळ 'जुलैअखेर मजकूर पाठवा' या पत्रामुळे कथा पूर्ण केल्या असतील! पण साप्ताहिक डेपोत येतं, कंट्रोल केबिनमध्ये वाचलं जातं. ज्या डोळ्यांना बाई बिचकत होत्या त्यांच्यासमोरच दर आठवड्याला उभं राहायचं. नाही म्हणाल्या.

रोज एक पान. हे मी सुचवलं होतं, सगळेच सुचवतात. बाईंनी ते आधीच करून पाहिलं होतं. त्यांची ड्युटी फिरती. एका आठवड्यात पहाटेची पहिली फेरी, दुसऱ्यात रात्री कॅश भरून घरी यायला साडेनऊ. ठरलेली वेळ अशी नाहीच. त्या वहीत ओळीनं पानं होती: 'आज दमले.' 'आज लिहायला काही नाही.' 'आज लाईन चेकिंग.' मग तीही थांबली.

सहावा पर्याय ग्रंथपाल मॅडमनी अगदी जाता जाता काढला. शेजारच्या तालुक्यात, बाईंच्या नेहमीच्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, आमचे एक जुने सभासद राहतात. पुण्यात एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितशोधन केलेले, छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून. आता पंच्याहत्तरीपुढे. वाचायला सतत काहीतरी लागतं आणि कौतुक करायची सवय नाही. मॅडम म्हणाल्या, "काकांना वही पाठवायची का? ते छान म्हणणार नाहीत, याची मी हमी देते."

बाई पहिल्यांदा हसल्या.

जे केलं

काकांना फोन केला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. शुद्धलेखन दुरुस्त करणार नाही, कारण एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही. आणि बरं-वाईट सांगणार नाही. "वाचताना मला जे कळलं नाही किंवा जास्त हवंसं वाटलं, तिथे समासात पेन्सिलीनं विचारीन. बास."

बाईंचीही एक अट होती. लिहिलेलं त्या परवानगी देईपर्यंत तिसऱ्या कुणी वाचायचं नाही. मंडळानंसुद्धा नाही. हे आम्हाला जड गेलं, पण मान्य केलं.

व्यवस्था साधी होती. दोन वह्या. एक बाईंकडे, एक काकांकडे. बाजाराच्या दिवशी, गुरुवारी, अदलाबदल. बाई त्या मार्गावर असतील तर स्वतः देणार, नसतील तर ज्या गाडीची फेरी असेल तिच्यातून, जसे डबे आणि औषधं जातात तसं. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर काकांचं आडनाव. स्टँडावरच्या चहावाल्याकडे ते पुडकं उतरायचं. वही नेणाऱ्या सहकाऱ्यांना त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. विचारलं तर 'काकांचे कागद' इतकंच.

वेळेचं गणित घड्याळावर बसत नव्हतं, म्हणून ते प्रसंगावर बसवलं. दुसऱ्या टोकाला गाडी पोचली, हिशेब जुळला, की परतीची वेळ होईपर्यंत वही. मग ती सकाळची फेरी असो की संध्याकाळची. 'अमुक झालं की तमुक करायचं' असे ठराव नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकतात, यावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम आहे. बाईंना ते सांगायची गरज पडली नाही. म्हणाल्या, "घंटी वाजली की गाडी सुटते, तसंच ना?"

पहिली वही गेली ती जवळपास रिकामीच. दीड पान. त्यात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका आजीबद्दल काही ओळी होत्या. बाईंच्या परवानगीनं इथे देतो:

'मार्केट यार्डाच्या स्टॉपला आजी चढते. आधारकार्ड आधीच काढलेलं. मी शून्याचं तिकीट देते. तिच्या दुसऱ्या मुठीत दहाची नोट असते, घडी घालून. मी म्हणते आजी लागत नाही. ती म्हणते असू दे.'

इथे लेख संपला होता. समासात काकांचं बारीक, छापल्यासारखं अक्षर: 'उतरताना ती नोट कुठे जाते?'

बाईंना माहीत नव्हतं. इतके महिने रोज बघून माहीत नव्हतं. पुढच्या वेळी त्यांनी लक्ष ठेवलं. आजी उतरताना नोट कनवटीला खोचत होती, पण कनवट सैल, म्हणून एका हातानं दांडा आणि दुसऱ्यानं कनवट धरायची आणि त्यात पिशवी राहायची. पिशवी खाली द्यायला रोज कुणीतरी लागायचं. एक कॉलेजचा पोरगा रोज द्यायचा, आणि आजी रोज त्याला ती नोट पुढे करायची, आणि तो रोज नको म्हणायचा. ते दोन पानं झालं. त्यावर काकांचा प्रश्न: 'पोरगा सुट्टीवर असेल तेव्हा?'

असं ते चालू झालं. प्रश्न कधीच बाईंविषयी नसायचा, त्यांच्या प्रतिभेविषयी, भवितव्याविषयी तर नाहीच. नोट, पिशवी, पोरगा. आणि उत्तर वहीत मिळणारं नसायचं, त्यासाठी पुन्हा गाडीत बघावं लागायचं.

मधल्या अडचणी

पावसाळा संपता संपता काकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. काही आठवडे वाचन बंद. मंडळात चर्चा झाली की तोपर्यंत दुसऱ्या कुणी वही वाचावी. मी त्या बाजूचा होतो. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, वाचक हा बदली कामगार नाही. त्यांचं ऐकलं. बाईंचं लिहिणं त्या दिवसांत चांगलंच मंदावलं, गुरुवार नुसते येऊन गेले. मग काकांच्या सुनेनंच मार्ग काढला. फोन स्पीकरवर ठेवायचा, बाईंनी वाचायचं, काकांनी डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून ऐकायचं. ऐकताना काकांचे प्रश्न बदलले. कागदावर ते वस्तूंबद्दल विचारायचे, फोनवर आवाजांबद्दल विचारू लागले: 'हे ती ओरडून म्हणाली की हळू?' त्याचा परिणाम संवादांवर दिसतो. बायकांच्या भांडणाचा जो तुकडा बाईंच्या वहीतला मला सगळ्यांत आवडतो, तो याच काळातला आहे.

दुसरी अडचण आम्हीच आणली असती. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि गावोगाव कार्यक्रमांची लाट आली. कार्यकारिणीत पुन्हा बाईंचं नाव निघालं. ग्रंथपाल मॅडमनी बाईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या, आणि मॅडमनी कार्यकारिणीत तो नकार स्वतःच्या नावावर घेतला. कार्यक्रमाच्या फाईलला एक फोटो कमी पडला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तो होता, आणि त्याची नोंद कुठल्याही इतिवृत्तात नाही.

परिणाम

वर्षभरात दोन्ही वह्या भरल्या, तिसरी आणि चौथी आली. दर आठवड्याला सारखं लिहून झालं असं नाही. मुलीच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी, दिवाळीच्या जादा गाड्यांच्या वेळी, वही रिकामी गेली. काकांनी त्यावरही पेन्सिलीनं तारीख टाकून परत पाठवली. रिकामी वहीसुद्धा गुरुवारी जायचीच, हा नियम बाईंनी स्वतः घातला होता.

२०२५च्या उन्हाळ्यात जुन्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांना 'अर्ध्या तिकिटावर काहीतरी खुसखुशीत' हवं होतं. बाईंनी खुसखुशीत देत नाही म्हणून सांगितलं आणि आजीच्या नोटेचा लेख पाठवला. तो छापून आला, माहेरच्या नावानं. डेपोतल्या कुणाला अजून माहीत नाही, किंवा माहीत असून कुणी बोलत नाही. मानधन याही वेळी नाही. अंकाची प्रत काकांकडे आहे, बाईंनी स्वतःसाठी दुसरी विकत घेतली.

चौकशीच्या भीतीचं काय झालं? ती गेली नाही. पण बाई खात्यावर लिहीतच नव्हत्या, माणसांवर लिहीत होत्या, हे लिहिता लिहिता त्यांचं त्यांनाच दिसलं. ज्या दोन-तीन ठिकाणी अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो ती पानं त्यांनी वेगळी काढून ठेवली आहेत.

यश सगळं काकांच्या पेन्सिलीच्या खात्यावर टाकणंही बरोबर नाही. मे २०२४मध्ये मुलीची बारावी नुकतीच संपली होती, घरातला ताण उतरला होता. त्याच सुमारास बाईंना लांब पल्ल्याऐवजी तालुक्या-तालुक्यांतल्या फेऱ्या लागल्या, म्हणजे तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटू लागली. आजी रोज चढत नसती तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर कुठून आलं असतं?

वेगळं काय करता आलं असतं

सत्कारच करायला नको होता, असं मंडळातले काही जण म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. बाईंच्या नवऱ्यानं त्यांचं लिहिणं गंभीरपणे घेतलं ते त्या शालीनंतरच, हे बाई स्वतः सांगतात. बदल करायचा तर क्रमात करावा. आधी लेखाचं वाचन ठेवायचं, श्रोत्यांनी लेखावर बोलायचं, आणि शाल द्यायचीच तर शेवटी, भाषणाशिवाय. बातमी देण्याआधी लेखिकेला विचारणं तर साधी गोष्ट होती. नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती न चुकता पाळावी, कारण बातमीचा फटका आपल्याला नाही, त्याला त्याच्या कामाच्या ठिकाणी बसतो.

लिहिणं थांबल्यापासून आम्ही चौघं एकत्र बसेपर्यंत सव्वा वर्ष गेलं. तेवढं जायला नको होतं. संपाच्या काळात लिहिलं जातं आणि टाळेबंदीत नाही, ही गोष्ट समोर असूनही आम्ही वेळ, शिस्त, रोजचं पान याच भाषेत बोलत राहिलो. 'कशावर अडलंय?' हा प्रश्न ग्रंथपाल मॅडमनी विचारेपर्यंत कुणी विचारला नाही.

काकांवरचा भार हाही मुद्दा आहे. एकाच वाचकावर सगळं उभं राहिलं की त्याच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेबरोबर लेखनही आडवं होतं. सुरुवातीलाच फोनवर वाचण्याचा पर्याय बोलून ठेवला असता तर ते आठवडे गेले नसते. दुसरा वाचक मात्र मी आजही सुचवणार नाही.

हस्तलिखित आता नवलेखक अनुदानासाठी पाठवण्याइतकं झालं आहे. बाई अजून पाठवत नाहीत. त्यांचं म्हणणं, पाठवायचं तर शुद्धलेखन तपासावं लागेल, आणि काका एकदा ते करायला बसले की प्रश्न विचारायचे थांबतील. तेव्हा ते काम मुख्याध्यापिका बाईंनी करावं, आणि तेसुद्धा पहिल्या दोन वह्यांपुरतं, असं सध्या ठरलं आहे.

हे ऐकून मंडळातल्या आणखी दोघांनी अशीच जोडी जमवून मागितली. एक चालू आहे: लिहिणारा दूध डेअरीतला, वाचणारी बँकेतून निवृत्त झालेली. दुसरी महिन्याभरात मोडली. त्यातला वाचणारा स्वतः कवी होता आणि प्रश्न विचारण्याऐवजी ओळी सुधारून द्यायचा. पुढच्या वेळी जोडी लावताना वाचणाऱ्याकडून आधी कुणाच्यातरी एका पानावर फक्त तीन प्रश्न लिहून घ्यायचे, असं ग्रंथपाल मॅडमनी ठरवलं आहे. त्यात 'छान' हा शब्द आला की तो माणूस बाद.